विमानाला कुठल्या तारखेचा रंग द्यायचा?

बसा, बसा, मागे अजून खुर्च्या आहेत. मागच्या वेळी मी इंजिनांवर बोललो होतो ना, तेव्हा उठता उठता एका काकांनी विचारलं होतं, "अहो, जुनं विमान दुरुस्त केलं, उडवलं, ते सगळं ठीक, पण त्याला रंग कुठला द्यायचा हे ठरवतं कोण?" मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून सुटलो आणि घरी जाताना स्कूटरवर चुटपुट लागली की अरे, खरा प्रश्न तर हाच होता आणि आपण तो पार्किंगमध्ये गुंडाळला. तर आजचा तास त्या काकांच्या खात्यावर. ते आज आलेले दिसत नाहीत, असो.

आधीच सांगतो, मी पायलट नाही, इंजिनियरही नाही, प्लास्टिकची मॉडेल्स बनवणारा माणूस आहे, तीही बहुतेक एकास बहात्तर स्केलची, म्हणजे अख्खं स्पिटफायर, दुसऱ्या महायुद्धातलं ते ब्रिटिश लढाऊ विमान, वीतभरसुद्धा होत नाही. पण आम्हा लोकांना रंगाचं वेड असतं, एका हिरव्या शेडवरून दोन मित्र वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यातला एक मीच.

तर स्पिटफायर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हिरवं-तपकिरी विमान येतं. बरोबर आहे, पण ते १९४०चं. त्याच विमानाचं पोट जून १९४०च्या आधी बघितलं तर एक पंख खालून काळा आणि दुसरा पांढरा, चक्क अर्धं-अर्धं, कशाला, तर जमिनीवरून बघणाऱ्या आपल्याच माणसाला कळावं की बाबा हे आपलं आहे, गोळी घालू नकोस. ही भीती काही उगाच नव्हती, युद्ध सुरू होऊन तीन दिवस झाले होते, ६ सप्टेंबर १९३९, आणि ब्रिटिश स्पिटफायरनीच हरिकेन जातीची दोन ब्रिटिश लढाऊ विमानं पाडली होती. मग जून १९४०ला हुकूम आला की पोट 'स्काय' रंगाचं करा. आता स्काय म्हटल्यावर आपल्याला आकाशी निळा वाटतो, पण तो फिकट, किंचित हिरवट, पिवळट असा काहीतरी आहे, दुधात मुगाचं पाणी पडल्यासारखा, आणि हुकूम आला तरी डबे कुठे आले होते, मग स्क्वाड्रनवाल्यांनी, म्हणजे विमानांच्या तुकड्यांनी, हाताशी जे होतं ते कालवलं आणि त्या उन्हाळ्यात निळसर, हिरवट, काय वाट्टेल त्या पोटाची विमानं उडत होती. नोव्हेंबर १९४०ला शेपटीजवळ स्काय रंगाचा पट्टा आला आणि पंख्याच्या पुढचं टोक, ज्याला स्पिनर म्हणतात, तेही त्याच रंगाचं झालं. आणि ऑगस्ट १९४१ला तपकिरी गेला, राखाडी आला, कारण लढाई आता इंग्लंडच्या शेतांवरून सरकून इंग्लिश खाडीवर आणि फ्रान्सवर गेली होती, समुद्रावर तपकिरी रंग काय कामाचा.

त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की नवा राखाडी, 'ओशन ग्रे', पण पुरेसा मिळेना. म्हणून अधिकृत कागदावर रेसिपी निघाली, सात भाग मीडियम सी ग्रे आणि एक भाग काळा. सातास एक. सिमेंट-वाळू कालवल्यासारखं. म्हणजे आज एखादा रिस्टोअर करणारा माणूस त्या वेळच्या विमानाला राखाडी देताना कार्डावरचा नंबर बघून अगदी तंतोतंत शेड आणतो तेव्हा मला हसू येतं, कारण मूळ माणूस हँगरच्या कोपऱ्यात बादलीत काठी फिरवत होता.

मुद्दा काय, तर रंग म्हणजे तारीख आहे. हिरवं-तपकिरी अंग, शेपटीला पट्टा नाही, पोट स्काय, म्हणजे हे विमान १९४०च्या उन्हाळ्यातलं. यात १९४३चा एखादा तपशील घुसला तर पेशवाईच्या नाटकात नाना फडणवीसांच्या हातात घड्याळ दिसावं तसं होतं, बहुतेकांना कळत नाही पण ज्याला कळतं त्याचं नाटकातलं लक्षच उडतं.

आता गंमत बघा. ब्रिटिश हवाई दलाची एक फ्लाइट, म्हणजे छोटी तुकडी, आहे इंग्लंडमधल्या कॉनिंग्जबीला, बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट, १९४०च्या इंग्लंडवरच्या हवाई लढाईच्या आठवणीत जुनी विमानं उडवणारी, त्यांच्याकडे पी ७३५० हे स्पिटफायर आहे, ते खरोखर १९४०ची लढाई लढलेलं आणि आजही उडणारं एकमेव. त्याला १९४०चा रंग दिला तर कुणी काही बोलणार नाही. पण त्यांच्याचकडे पीझेड ८६५ हे हरिकेन आहे, हरिकेनपैकी सगळ्यात शेवटी बांधलेलं, १९४४चं, लढाईचा अनुभव शून्य. मग त्याला रंग कुठला? तर ही मंडळी मोठी देखभाल निघाली की जुना रंग उतरवून विमानाला दुसऱ्याच कुठल्यातरी विमानाचं रूप देतात. बहुरूपीच म्हणा ना. त्यातलं पीझेड ८६५चं एक रूप आपल्या जवळचं आहे. ३४ स्क्वाड्रनचं, धडावर ईजी-एस अक्षरं असलेलं हरिकेन, त्याचा पायलट जिमी व्हेलन नावाचा कॅनडाचा माणूस, एप्रिल १९४४ला कोहिमाच्या लढाईच्या वेळी गेला. ते रूप घेऊन हे विमान इंग्लंडमध्ये एअर शो करत फिरत होतं. आणि बघणाऱ्यांना पहिला प्रश्न पडायचा की याच्या गोल चिन्हातला लाल कुठे गेला?

लाल गेला जपान्यांमुळे. त्यांच्या विमानावर लाल सूर्याचा गोळा, आणि इकडे ब्रिटिश चिन्हाच्या मधोमध लाल ठिपका, घाईत बघणाऱ्याला दोन्ही सारखेच. म्हणून आपल्याकडच्या आघाडीवर, म्हणजे बंगाल, आसाम, ब्रह्मदेश, सगळ्या विमानांवरचा लाल पुसून टाकला आणि गडद निळा व त्यात फिकट निळा असं छोटं चिन्ह आलं, पुढे पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टेही आले. अमेरिकनांनीही मे १९४२ला आपल्या ताऱ्यातला लाल ठिपका काढला तो त्याच कारणानं. आणि व्हेलन गेला त्याच वर्षी, १९४४ला, इम्फाळला अर्जन सिंगांच्या हाताखाली आपल्या १ नंबर स्क्वाड्रनची हरिकेन लढली.

बाय द वे, मुंबईच्या नावाचं पण एक स्पिटफायर स्क्वाड्रन होतं बरं का, १३२, 'सिटी ऑफ बॉम्बे'. ते १९४४च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या किनाऱ्यावर, नॉर्मंडीला होतं आणि वर्ष संपताना त्याला आग्नेय आशियाकडे धाडलं. म्हणजे जूनमध्ये काळे-पांढरे पट्टे, आणि वर्ष उलटतंय तोवर लाल नसलेलं निळं चिन्ह. मॉडेलवाल्याला एवढं मिळालं की दिवाळी.

त्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं सांगतोच. जून १९४४च्या नॉर्मंडीच्या चढाईच्या आधी दोस्त राष्ट्रांचं ठरलं की आपल्या विमानांना ओळखायला प्रत्येक पंखावर आणि धडावर पाच पट्टे मारायचे, तीन पांढरे, दोन काळे, एका इंजिनाच्या विमानाला प्रत्येक पट्टा १८ इंच. गुपित फुटू नये म्हणून हुकूम अगदी शेवटच्या दोन-तीन दिवसांत सुटला. आता कल्पना करा, हजारो विमानं, हातात ब्रश, कुणाच्या हातात तर झाडू, रात्र थोडी सोंगं फार. जुने फोटो बघा, पट्टे वाकडे, कडा फाटलेल्या, कुठे खालचं अक्षर वाचवायला वळसा घातलेला. आणि आजचं रिस्टोअर केलेलं विमान बघा, मास्किंग टेप लावून सुरीनं कापल्यासारखी रेघ. मला विचाराल तर ती सरळ रेघ खोटी आहे. पण मालकाला सांगून बघा की साहेब, कोट्यवधी रुपये घातलेत ना, आता याच्यावर झाडूनं रंग मारू.

मस्टँगचं तेच. अमेरिकन पी-५१, चांदीसारखं चमकणारं, एअर शोला लोक त्यात तोंड बघून केस सारखे करतात, नव्या स्टीलच्या ताटात बघावं तसं. पण कारखान्यातून निघालेल्या मस्टँगचे पंख असे नव्हतेच. त्या पंखाचा आकार असा होता की हवा त्याच्यावरून अगदी गुळगुळीत वाहिली पाहिजे, म्हणून पुढच्या भागातले रिव्हेट आणि सांधे पुट्टी भरून, घासून, वर चंदेरी रंग मारलेला असायचा. धड उघड्या धातूचं, पंख रंगवलेले, दोन्हींची चमक वेगळी. आज बरेच मालक ती पुट्टी काढून पॉलिश करतात. दिसतं भारी, हे कबूल करायलाच हवं. मी स्वतः एक तसं बनवून शोकेसमध्ये ठेवलंय, लाज वाटते पण काढवत नाही.

रिव्हेटवरून आठवलं. स्पिटफायरचा पहिला नमुना तयार झाला तेव्हा प्रश्न होता की सगळे रिव्हेट पृष्ठभागात बुडवायचे का, कारण ते काम महाग. तर त्यांनी काय केलं, बुडवलेल्या रिव्हेटवर वाटाण्याच्या डाळीचा एकेक दाणा गोंदानं चिकटवला, फुगीर रिव्हेट असल्यासारखा, आणि विमान उडवलं. वेग ताशी २२ मैलांपर्यंत कमी झाला. मग दाणे थोडे थोडे काढत गेले आणि कुठले रिव्हेट बुडवणं परवडतं ते ठरवलं. स्वयंपाकघरातून सुटलेला इतका सुंदर प्रयोग मला दुसरा माहीत नाही.

अशा बारीक गोष्टींतच खरं कसब असतं. पंखाच्या पुढच्या कडेला बंदुकांच्या भोकांवर लाल चौकोनी ठिगळं दिसतात ना, ती शोभेची नाहीत, कापडाची ठिगळं आहेत, ओल आणि घाण आत जाऊन वर थंडीत बंदूक गोठू नये म्हणून. विमान परत येताना ठिगळं फाटलेली दिसली की खालच्या माणसांना उतरायच्या आधीच कळायचं, आज गोळ्या झाडल्यात. कॉकपिटमध्ये खुर्ची बघा, बऱ्याच स्पिटफायरची खुर्ची धातूची नाही, कागद आणि राळ दाबून केलेली, लालसर तपकिरी, रंग न देता तशीच ठेवलेली. हिला हिरवा रंग फासलेला दिसला की मी तिथून पुढे सरकतो.

आता एक वाईट गोष्ट. जून १९४२ला डेनिस कॉपिंग नावाचा तरुण ब्रिटिश पायलट इजिप्तच्या वाळवंटात किटीहॉक विमानासकट हरवला. ७० वर्षांनी, २०१२ला, ते विमान सापडलं, जवळपास अख्खं, वाळूनं घासून घासून धातू उघडा पडलेला, तरी धडावर एचएस-बी ही अक्षरं अजून वाचता येत होती. पायलट सापडला नाही. ते विमान अल अलामीनच्या संग्रहालयात नेलं आणि पुढे काही वर्षांनी कुणीतरी त्याला भडक नवा रंग फासला. सत्तर वर्षं वाळूनं जे राखलं ते एका ब्रशनं गेलं. तो फोटो मी इथे दाखवणार नाही. आपल्याकडे जुन्या देवळांच्या दगडावर ऑइल पेंट मारतात तेव्हा पोटात जे होतं ना, ते.

तर काकांचा प्रश्न, ठरवतं कोण. सरळ उत्तर, पैसे घालतो तो. आणि म्हणून एक गोष्ट मला खुपते. स्वातंत्र्यानंतर आपल्या हवाई दलानं वापरलेली स्पिटफायर आणि टेम्पेस्ट ही लढाऊ विमानं पुढे बरीच वर्षं धूळ खात पडली होती आणि त्यातली कितीतरी सत्तरच्या दशकाच्या शेवटी परदेशी संग्राहकांनी विकत नेली, आज जगात उडणाऱ्या काही स्पिटफायरची हाडं इथलीच आहेत. पण रंग मिळाला तो ब्रिटिश. लंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये पीआर ५३६ हे टेम्पेस्ट आहे, ते आपल्याकडे एचए ४५७ या नंबरानं होतं, आपल्याकडे टेम्पेस्टला एचए आणि स्पिटफायरला एचएस असायचं, आणि तिथे ते उभं आहे ५ स्क्वाड्रनच्या ओक्यू-एच या अक्षरांत. त्यांचं विमान, त्यांचा पैसा, भांडण नाही. पण त्या पत्र्यानं आपल्या चिन्हाखालीही दिवस काढले होते, ते दिवस रंगाखाली गेले.

म्हणून मी घरी एक टेम्पेस्ट बनवलं, आपल्या अंगरख्यात. स्वातंत्र्यानंतर, १९५०ला केशरी-पांढरं-हिरवं गोल चिन्ह येईपर्यंत, मधली थोडी वर्षं विमानांवर निळं अशोकचक्र होतं. त्याचं स्टिकर मला मिळेना, मग हातानं रंगवलं, सगळ्यात बारीक ब्रश घेऊन, भिंग लावून, तीन रात्री. इथे टेबलावर ठेवलंय, चहा घेताना जवळून बघा, फक्त आरे मोजू नका. चोवीस हवेत, मला सोळाच जमलेत.