बॅड वुल्फ बे : दोन मिनिटांचा निरोप

[दृश्य : ओहोटीचा किनारा, उंचावरून]

हा वेल्सचा दक्षिण किनारा. कार्डिफहून गाडीनं पश्चिमेला निघालं की तासाभराच्या आत इथे पोहोचता येतं. नकाशावर याचं नाव डनरेव्हन बे. शेजारच्या गावावरून लोक सदर्नडाउनही म्हणतात. इथे कुत्रा फिरवायला येणारे असतात, लाटांवर फळी घेऊन जाणारे असतात. आणि काही जण येतात ते मनात तिसरंच नाव घेऊन. बॅड वुल्फ बे. त्यांच्यासाठी हा नॉर्वेचा किनारा आहे, बर्गनपासून पन्नास मैलांवरचा.

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेच्या २००६च्या पर्वाचा शेवट, म्हणजे नायक डॉक्टर आणि त्याची सोबतीण रोझ यांचा निरोप, इथे चित्रित झाला. ८ जुलै २००६, शनिवारची संध्याकाळ. बीबीसी वनवर तो भाग लागला तेव्हा ऐंशी लाखांहून जास्त माणसं टीव्हीसमोर होती.

[दृश्य : कड्याचे थर, अगदी जवळून]

हा कडा सावकाश बघा. चुनखडीचा एक थर, त्याखाली ठिसूळ शेलचा, खाली पुन्हा चुनखडी. वह्यांची चळत रचून ठेवावी तसे हे थर शेवटपर्यंत सरळ गेलेत. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेला हा गाळ. आजही त्याचे तुकडे सुटून खाली येतात, म्हणून कड्याच्या पायथ्याशी उभं राहू नका अशा सूचना लावलेल्या आहेत. त्या टोकाला दिसतंय ते भूशिर म्हणजे ट्रुइन ई विच. त्याच्या माथ्यावर लोहयुगातल्या किल्ल्याच्या खुणा आहेत. नॉर्वेच्या खडकाशी यातल्या कशाचंच नातं नाही. तरीही पडद्यावर कुणाला शंका येत नाही.

[दृश्य : पाणी वाळूवर चढत येतंय]

ब्रिस्टल चॅनलच्या भरती-ओहोटीतला फरक जगातल्या सर्वांत मोठ्या फरकांपैकी एक. ओहोटीला ही एवढी मोठी वाळू उघडी पडते. पूर्ण भरतीला हीच जागा जवळजवळ दिसेनाशी होते आणि उरतात ते गोटे. चित्रीकरण झालं जानेवारी २००६मध्ये. त्या महिन्यात वेल्समध्ये दिवस जेमतेम आठ-साडेआठ तासांचा. म्हणजे उजेडही मोजका आणि वाळूही मोजकी. त्यात समुद्रावरचा वारा. रोझ झालेल्या बिली पायपरच्या तोंडावर येणारे केस त्या वाऱ्यानं उडवलेले आहेत. हे स्टुडिओत पंखा लावून साधलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

आणखी एक गोष्ट. हा निरोप झाला तेव्हा पर्वाचं काम संपलेलं नव्हतं. बिली पायपर आणि डॉक्टर झालेला डेव्हिड टेनंट त्यानंतरही मार्चपर्यंत एकत्र काम करत होते. कथेत आधी घडणाऱ्या भेटीगाठी, थट्टामस्करी, धावाधाव यातलं बरंच काही या रडण्यानंतर चित्रित झालं. कायमचं सोडून जाणं आधी करायचं आणि नंतर पुन्हा हसत शेजारी उभं राहायचं! दिग्दर्शक ग्रेम हार्पर मुरलेले होते. १९८४ साली पाचव्या डॉक्टरचा (नायक तोच, नट बदलत जातात) अखेरचा प्रवासही त्यांनीच दिग्दर्शित केला होता.

[दृश्य : केनिंग्टन, लंडन. ब्रँडन इस्टेटच्या इमारती, गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे]

निरोप कुणाचा, ते इथे आल्यावर कळतं. लंडनमधली ही ब्रँडन इस्टेट. मालिकेत रोझ टायलरचं घर म्हणून यातल्या इमारती दिसल्या. रोझ एकोणीस वर्षांची, दुकानात कामाला. घरी आई, जॅकी. वडील पीट, रोझ तान्ही असतानाच अपघातात गेलेले. २००५मध्ये लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी १९६३ची ही मालिका पुन्हा उभी केली आणि तिचं दार उघडलं ते या मुलीच्या नजरेतून. अवकाश-काळात फिरणारा, नऊशे वर्षं जगलेला डॉक्टर आपल्याला भेटतो तो तिच्यामुळे. दुकानातल्या मुलीच्या वाट्याला विश्व येतं, ही या मालिकेची सर्वांत मोठी गोष्ट आहे. राक्षस आणि यंत्रमानव त्यानंतर.

[दृश्य : कॅनरी व्हार्फचे मनोरे]

शेवटच्या भागात याच मनोऱ्यांच्या गर्दीत टॉर्चवुड या गुप्त संस्थेचा अड्डा दाखवला आहे. डालेक आणि सायबरमन हे डॉक्टरचे जुने शत्रू पडद्यावर पहिल्यांदा एकमेकांशी लढतात ते इथे. लढाई दणदणीत आहे, पण तिचं खरं काम एक नियम समोर ठेवणं.

समांतर विश्व मराठी विज्ञानकथेच्या वाचकाला नवं नाही. पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं जग त्यानं वाचलेलं आहे. या मालिकेत दोन विश्वांच्या मधे पोकळी आहे. ती ओलांडून आलेल्या प्रत्येकाच्या अंगाला तिथले कण चिकटतात. पोकळी उघडली की असे सगळे आत खेचले जाणार, आणि ती मिटली की दोन्ही विश्वं एकमेकांना कायमची बंद. शत्रू त्यात ओढले जातात. रोझही ती ओलांडून आलेली आहे. तिचा हात सुटतो. त्या दुसऱ्या विश्वात पीट जिवंत आहे. तो ऐन क्षणी येऊन तिला झेलतो आणि आपल्या जगात घेऊन जातो. मधे उरते एक पांढरी भिंत.

हे दुसरं विश्व प्रेक्षकाला मे महिन्यातच दाखवलं होतं. जुलैत डोळ्यांत आलेलं पाणी मेमध्ये पेरलेलं होतं. विज्ञानकथेत भावनेला जागा नसते म्हणणाऱ्यांनी हे बांधकाम एकदा तपासून पाहावं. कारण इथे दोघांना वेगळं करणारा कुणी खलनायक नाही, गैरसमज नाही. नियम आहे, आणि तो दोघांनाही मान्य आहे.

[दृश्य : पुन्हा किनारा, माणसाच्या उंचीवरून]

रोझ, आई, वडील आणि मित्र मिकी जीपनं इथे येतात. बाकीचे मागे थांबतात. डॉक्टर समोर उभा राहतो, पण ती फक्त प्रतिमा. हात लावता येत नाही. ती पाठवण्यासाठी तो एक सूर्य जाळतोय. वेळ आहे दोन मिनिटं. तिचं त्याच्यावर प्रेम आहे, हे ती बोलून टाकते. तो तिचं नाव घेतो, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत प्रतिमा विझते.

मरी गोल्ड यांचं संगीत इथे ऐकण्यासारखं आहे. खाली न थांबणारा, धडधडणारा ठेका आणि वर मेलनी पॅपनहाइम यांचा शब्दाविना आलाप. पुढे डेव्हिस यांनी प्रेक्षकाला फार वेळ रडू दिलं नाही. डॉक्टरच्या गालावरचं पाणी वाळायच्या आत त्याच्या यानात लग्नाच्या पोशाखातली एक संतापलेली बाई उभी! पुढची गोष्ट त्याच वर्षीच्या नाताळात.

जुलै २००८मध्ये मालिका याच वाळूवर परतली. डॉक्टरसारखाच दिसणारा, पण माणसासारखं म्हातारं होणारा एक जण रोझच्या कानात ते राहिलेलं वाक्य सांगतो. प्रेक्षकाला ते ऐकू येत नाही. डेव्हिस यांनी तेवढं राखलं, हे फार बरं झालं.