श्वासातून जठराची तपासणी

या पिशवीत एका रुग्णाचा श्वास भरलेला आहे, आणि त्यावरून तिच्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आहे की नाही, हे कळणार आहे. अर्ध्या तासापूर्वी तिने असाच श्वास दुसऱ्या पिशवीत भरला आणि मग युरिया मिसळलेले पाणी प्यायले. त्या युरियातील कार्बन हा कार्बन-१३ असतो. तो किरणोत्सर्गी नसतो, पण यंत्राला वेगळा ओळखता येतो. जठरातील आम्लात तग धरण्यासाठी हा जिवाणू युरिएज नावाचे विकर (एन्झाइम) तयार करतो. ते विकर युरियाचे विघटन करते, आणि खुणेचा कार्बन रक्तावाटे फुप्फुसांत पोहोचून कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने श्वासात उतरतो. जिवाणू नसेल, तर दोन्ही पिशव्यांतील हवेत फारसा फरक आढळत नाही.

जठरात जिवाणू टिकूच शकत नाहीत, अशी वैद्यकशास्त्राची दीर्घकाळ समजूत होती. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये जठराच्या सुजलेल्या अस्तरावर वळणदार जिवाणू दिसले, आणि १९८२ मध्ये त्यांनी बॅरी मार्शल यांच्यासह ते प्रयोगशाळेत वाढवले. तरीही शंका फिटेनात, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतःच जिवाणूंचे मिश्रण प्राशन केले, आणि काही दिवसांतच त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र ही सोपी तपासणी सहज फसू शकते. आपल्याकडे पित्तावर रोज सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल घेणारे अनेकजण असतात, आणि या गोळ्या चालू असताना जिवाणूंची संख्या व क्रियाशीलता इतकी घटते की जिवाणू असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने या गोळ्या किमान २ आठवडे आणि प्रतिजैविके किमान ४ आठवडे बंद ठेवाव्या लागतात. ही सूचना चिठ्ठीवर लिहून द्यायलाच हवी, कारण चुकीच्या अहवालाचा भुर्दंड रुग्णालाच बसतो.

शौचाच्या नमुन्यातील प्रतिजन, म्हणजे जिवाणूचे अंश, शोधणाऱ्या तपासणीलाही हेच पथ्य लागू पडते. रक्तातील प्रतिपिंडांची, म्हणजे जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनांची, तपासणी मात्र निराळी असते: जिवाणू नष्ट झाल्यावरही प्रतिपिंडे दीर्घकाळ रक्तात राहतात, त्यामुळे आज संसर्ग आहे की तो पूर्वी होऊन गेला, हे ती सांगू शकत नाही.

आणि मग तोंडावाटे जठरात दुर्बीण (एंडोस्कोपी) केव्हा घालायची? वजन कारणाशिवाय घटत असेल, घास गिळताना अडकत असेल, शौच डांबरासारखे काळे होत असेल, रक्ताची उलटी झाली असेल किंवा लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी झाले असेल, तर श्वासाच्या अहवालाची वाट पाहत बसणे धोक्याचे आहे. दुर्बिणीतून व्रण किंवा गाठ प्रत्यक्ष दिसते आणि अस्तराचा तुकडाही घेता येतो. तो युरियाच्या जेलमध्ये ठेवला असता पिवळा रंग गुलाबी झाला, तर जिवाणू असल्याचे कळते. तत्त्व तेच, युरिएजचे.

भारतात हा जिवाणू असंख्य लोकांच्या जठरात असतो आणि त्यांतील बहुतेकांना कोणताही त्रास होत नाही. त्यामुळे अहवाल ‘आहे’ असा आला, तरी पोटातल्या प्रत्येक तक्रारीचे मूळ तोच आहे, असे डॉक्टर गृहीत धरत नाहीत. उपचार ठरले, तर प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारे औषध साधारणतः १४ दिवस एकत्र दिले जाते. ते संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी या रुग्णाला पुन्हा याच खुर्चीवर बसून दोन पिशव्यांत श्वास भरावा लागेल, आणि त्याआधीचे २ आठवडे पित्ताची गोळी बंद ठेवावी लागेल.