फुरसुंगीचा पोरगा, महालातली दुपार

(दृश्य: नागपूरच्या महाल भागातली ओस गल्ली. खिडकीत कूलर, वाळ्याच्या ताट्यांतून ठिबकणारं पाणी.)

नागपूरचा मे महिना. पारा ४५ च्या घरात. पोरांना बाहेर पडायची बंदी. आतल्या खोलीत, गार फरशीवर पालथं पडून एक पोरगं वाचतंय. मधूनच टाळूला जीभ लावून आवाज काढतंय... ट्टॉक!

हा आवाज इथला नाही. तो ७०० किलोमीटरवरच्या फुरसुंगीचा. बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा. अंगानं काडी, सायकलवर वारा! गोष्टीच्या पुस्तकांतला हा फास्टर फेणे. आम्ही त्याला फाफेच म्हणायचो.

(दृश्य: भा. रा. भागवतांचं छायाचित्र.)

फाफेला जन्माला घालणारे भास्कर रामचंद्र भागवत जन्मले इंदूरला, ३१ मे १९१० रोजी. १९४१ साली दिल्लीत रेडिओवर नोकरी लागली. पुढच्याच वर्षी 'चले जाव'ची हाक आली, आणि त्यांनी ती नोकरी सोडली. पुढं त्यांनी मुलांसाठी 'बालमित्र' मासिक चालवलं. फ्रेंच लेखक जूल व्हर्न मराठीत आणला. पत्नी लीलावतीबाईही मुलांसाठीच लिहिणाऱ्या.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. फाफेच्या गोष्टींत भागवत स्वतः आहेत! उचापती निस्तरल्या की हा पोरगा त्यांच्याकडे येतो, धापा टाकत सगळं सांगतो. आणि ते ऐकून घेतात. पूर्ण.

(दृश्य: नागपूरच्या फुटाळा तलावाचा बांध, सायकलवरची पोरं.)

फुटाळ्याच्या उतारावर माझ्या सायकलचा ब्रेक निकामी झाला होता. कसाबसा वाचलो. घरी सांगायला गेलो तर, "जा बे, हातपाय धू आधी." बस्स, एवढंच. त्या रात्री मी ती हकीकत भागवतांना सांगितली, मनातल्या मनात, पहिल्यापासून. ते अर्ध्यात उठून गेले नाहीत. अनोळखी पोराला असा हक्काचा श्रोता देणारा दुसरा लेखक मला तरी भेटला नाही.

१९८७ मध्ये फाफे दूरदर्शनवर आला, सुमीत राघवनच्या रूपात. २०१७ मध्ये अमेय वाघसोबत मोठ्या पडद्यावर. तो पाहायला भागवत नव्हते. २७ ऑक्टोबर २००१ रोजी ते गेले.

(दृश्य: सीताबर्डी. फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा ढीग.)

परवा बर्डीवर फाफेची एक जुनी प्रत मिळाली. मुखपृष्ठ फाटलेलं, कोपरे दुमडलेले. आतल्या पानावर कोण्या पोरानं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: 'वाचून झालं की वापस करणे.'