आधी खोली, मग डबा : घरच्या आवाजाचा रंग ओळखताना

(व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, शहरातल्या शौकिनाकडे महागडी यंत्रं असतील, पण तुमच्यापाशी एक गोष्ट आहे जी त्याला सहज मिळत नाही. खंजिरी, टाळ, एकतारी, हार्मोनियम तुम्ही माइकशिवाय, चार हातांवरून ऐकत आलात. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाच्या या मुलखात खंजिरीचं कातडं कसं बोलतं आणि तिच्या झांजा कशा बोलतात, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. यंत्रणा तटस्थ आहे की तिनं आवाजाला आपला रंग चढवलाय, हे ठरवायला असा खरा आवाज कानात असावा लागतो. नाहीतर "गोड वाजते" म्हणजेच "खरं वाजते" असं आपण धरून चालतो. गोडवा हाही रंगच असतो.

दोन डबे, म्हणजे स्पीकर, शेजारी ठेवून ऐकताना पहिली फसगत मोठेपणाची होते. एक डबा जेमतेम एक डेसिबल (आवाजाच्या मोठेपणाचं माप) मोठा असला, तरी "हा मोठा आहे" असं कान सांगत नाही, "हा जास्त मोकळा, जास्त भरीव आहे" असं सांगतो. म्हणून पिंक नॉइजची (सगळे सूर एकदम असलेल्या सळसळीची) फाइल वाजवा, बसायच्या जागी मोबाइल एका स्टुलावर ठेवा आणि आवाज मोजायच्या अ‍ॅपवर दोन्ही डबे अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा. मोबाइलचा आकडा खरा नसला तरी चालतो, फरक तो बरोबर दाखवतो. पण मोबाइल हलवायचा नाही. लाउडनेस, बास बूस्ट, मोबाइलमधलं डॉल्बी हे सगळं बंद. कुलर आणि पंखाही बंद करा. कुलरच्या घरघरीत तानपुऱ्याची जवारी बुडून जाते आणि दोष स्पीकरवर येतो.

ऐकताना एका वेळी एकच डबा वाजवा. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून ऐकण्याच्या चाचण्या घेतल्या. दोन डब्यांच्या स्टिरिओपेक्षा एकट्या डब्यात दोष लवकर पकडले जातात, हे त्यांच्या कामातून पुढं आलं. पडदा तुम्हीही लावू शकता. पातळ सुती धोतर पुरतं. चकचकीत सनमायका दिसला की कान डोळ्यांचं ऐकू लागतात.

आता लाइन. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की आपली लाइन डिम होते. असेंबल केलेल्या बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये साधा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि कपॅसिटर एवढंच असतं. २३० व्होल्टचे १८० झाले की आतलं व्होल्टेजही त्याच प्रमाणात खाली येतं आणि जास्तीत जास्त ताकद साधारण ६० टक्क्यांवर येते. नॉब मात्र आपण तिथंच ठेवतो. मग लाटांचे शेंडे कापले जातात, आवाज किरकिरा होतो, ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) जळू शकतो तो वेगळाच. संध्याकाळी कर्कश आणि मध्यरात्री छान वाजणारा सेट दिसला, तर डबा बदलण्याआधी मल्टिमीटर लावा.

यानंतर खोली, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे. माझ्या मते निम्म्याहून जास्त रंग हीच चढवते. दहा बाय बाराची स्लॅबची खोली घ्या. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा (सेकंदाला ५६ कंपनांचा) सूर अडकतो, बारा फुटांमध्ये ४७चा. छतही दहा फुटांवर असेल तर ५६ दुप्पट माजतो. (मे महिन्यात पारा ४५वर गेला की आवाजाचा वेग वाढतो आणि ही जागा दोन-तीन हर्ट्झ वर सरकते.) टोन जनरेटरवर (एकच सूर वाजवणाऱ्या अ‍ॅपवर) ५६ लावून खोलीत फिरून पाहा: भिंतीला टेकलात की छाती भरते, मधोमध आलात की सूर जवळजवळ गायब. आपला दिवाण भिंतीलाच लागलेला असतो, म्हणून "वूफर लई जोरदार" वाटतो.

डबा शोकेसमध्ये किंवा कोपऱ्यात ठेवू नका. जवळ आलेली प्रत्येक भिंत खालचा सूर ६ डेसिबलपर्यंत फुगवू शकते. मात्र डब्याचं तोंड मागच्या भिंतीपासून दोन फुटांवर आलं की १४० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, कारण भिंतीवरून परतलेली लाट उलटी येऊन मिळते. तिथं पुरुषी आवाजाचा खर्ज पातळ होतो. टिनाचं घर असेल तर ३० ते २०० हर्ट्झ हळूहळू फिरवा आणि काय थरथरतं ते शोधा: टीन, खिडकीची काच, मांडणीवरची स्टीलची ताटं. आधी ते बंद करा. टाळी वाजवून "टर्रर" असं उत्तर आलं, तर समोरासमोरच्या कोऱ्या भिंतींपैकी एकीला कापसाच्या गाद्या उभ्या लावा. चार इंची गादी मधले आणि वरचे सूर चांगले खाते, पण बासला ती पुरत नाही.

खोलीचा रंग आणि डब्याचा रंग वेगळे करायला अंगण आहेच. वारा पडलेला असताना डबा टेबलावर ठेवा आणि मीटरभर अंतरावरून ऐका. आत घुमत होता तो सूर बाहेरही घुमला, तर दोष डब्याचा. पोर्टवाले (हवेसाठी भोक ठेवलेले) स्वस्त डबे एकाच सुरावर "धम धम" करतात. तबल्याच्या डाव्याची घसीट ऐका, सूर सरकण्याऐवजी एकाच जागी आदळत असेल तर डबा पकडला गेला.

सर्वांत कडक परीक्षा ओळखीच्या माणसाच्या बोलण्याची. घरातल्या एखाद्याला वावरात उभं करा, दोन-तीन फुटांवरून रेकॉर्ड करा, ऑटो गेन (आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय) आणि नॉइज रिडक्शन बंद ठेवून. खोलीत रेकॉर्ड केलं तर वाजवताना खोली दोनदा ऐकू येते. मग त्याच माणसाला डब्याजवळ उभं करून तेच वाक्य बोलायला लावा आणि रेकॉर्डिंग तेवढ्याच आवाजात वाजवा. छातीतून घुमला तर १०० ते २०० हर्ट्झ फुगलंय, बंद खोक्यातून बोलल्यासारखा वाटला तर ३०० ते ५००, नाकातून बोलला तर हजाराच्या आसपास, "स" आणि "श" टोचले तर ५ ते ८ हजार. मोबाइलच्या माइकचाही रंग असतोच. म्हणून तेच रेकॉर्डिंग दुसऱ्या डब्यावर लावा. दोन्हीकडे सारखी दिसणारी खोड बहुधा माइकची.

दोन्ही डबे जोडल्यावर आवाज मधोमध न येता पसरला आणि बास पळाला, तर एका डब्याची लाल-काळी वायर उलटी लागली आहे. हे फार घरांत असतं.

इक्वलायझर (वेगवेगळे सूर कमीजास्त करायच्या पट्ट्या) शेवटी. उंचवटा असेल तर ५-६ डेसिबल खाली आणा, हरकत नाही. पण मोबाइलमधली ६० हर्ट्झची पट्टी आजूबाजूचंही ओढते, हे लक्षात ठेवा. खड्डा भरायला जाऊ नका. ६ डेसिबल वाढवायला चौपट ताकद लागते, उलटी लाटही तेवढीच वाढते आणि खड्डा तसाच राहतो. वर वूफरचा कोन आपटायला लागतो. तिथं डबा किंवा खुर्ची फूटभर सरकवून पुन्हा ऐका.