कणकुंबी ते अथणी: पावसाच्या अभ्यासाची वाट

(दृश्य: कणकुंबी. धुक्यात बुडालेला रस्ता, चोर्ला घाटाकडून चढत येणारे ढग.)

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातलं कणकुंबी. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते ती इथेच. या गावात वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जांबोटीवरून बेळगावला यावं, तर शहराची सरासरी बाराशे-तेराशेची. तिथून ईशान्येला अथणी गाठावी, तर जेमतेम पाचशे-सहाशे. जिल्हा एकच. एका टोकाला धूळवाफ पेरून भात घेणारा शेतकरी आहे, दुसऱ्या टोकाला उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसलेलं गाव.

कारण सह्याद्री. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा डोंगराला धडकते, वर चढते, थंड होते आणि माथ्यावर रिती होते. पुढे पठारावर उतरताना तीच हवा पुन्हा तापते, ढग विरत जातात. भूगोलाच्या पुस्तकात हे चार ओळींत संपतं. पण या दोन टोकांच्या मधल्या प्रत्येक गावात पाऊस कसा वागतो आणि तापत्या जगात तो कसा बदलतोय, हे शोधण्यात काही माणसांचं अख्खं आयुष्य जातं. ही गोष्ट त्यांच्या कामाची. आणि या भागातल्या मुलामुलींनी त्या कामाकडे का वळावं, याचीही.

(दृश्य: निपाणीजवळ यमगर्णी, वेदगंगेवरचा पूल.)

2019 आठवा. उन्हाळ्यात कृष्णेचं पात्र कोरडं पडलं. कोयनेतून पाणी सोडा, अशी मागणी कर्नाटकातून महाराष्ट्राकडे गेली. त्याच वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदमच फुगल्या. चिक्कोडी, रायबाग, गोकाक, रामदुर्ग पाण्यात. यमगर्णीजवळ वेदगंगा पुणे-बेंगळूर महामार्गावर आली आणि वाहतूक थांबली. नंतर 2021 च्या जुलैत पुन्हा पूर. आणि 2023 मध्ये कर्नाटकातल्या 236 पैकी 223 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला.

पूर आणि दुष्काळ, एकाच खोऱ्यात, पाच वर्षांच्या आत. लोक म्हणतात, पूर्वी असं नव्हतं. संशोधक या वाक्यावर विश्वास ठेवत नाही आणि ते धुडकावतही नाही. तो जुन्या नोंदी काढतो.

पावसाची नोंद आपल्याकडे रोज सकाळी साडेआठला होते. आदल्या साडेआठपासूनच्या चोवीस तासांचा तो हिशेब. हवामान खात्याची स्थापना 1875 ची, त्यामुळे कित्येक ठिकाणच्या नोंदी शंभर वर्षांहून जुन्या आहेत. पण मधे कधी पर्जन्यमापक दुसऱ्या आवारात हलवलेला असतो, कधी शेजारी झाड वाढलेलं असतं, कधी कुणा कारकुनाने सुट्टीच्या दिवशी शून्य भरून ठेवलेलं असतं. पाऊस खरोखर बदलला की फक्त मापक हलला, हे वेगळं करण्यात महिने जातात. या विषयात नाव कमावलेल्या बहुतेकांनी सुरुवातीची वर्षं असल्याच कंटाळवाण्या कामात काढलेली असतात, आणि माझ्या मते खरा शास्त्रज्ञ तिथेच घडतो.

मग प्रश्न येतो, टोकाचा पाऊस म्हणायचं कशाला? हवामान खात्याच्या व्याख्येत चोवीस तासांत 204.4 मिलिमीटरच्या वर गेला की तो सर्वांत वरच्या वर्गात. आषाढात कणकुंबीला हा आकडा कुणाला दचकवत नाही. अथणीत त्याच्या निम्मा जरी एका दिवसात कोसळला, तरी वर्षाच्या पावसाचा सहावा-पाचवा हिस्सा एका रात्रीत पडला. म्हणून संशोधक प्रत्येक ठिकाणाची पट्टी वेगळी धरतात: इथल्या पावसाळी दिवसांमधला सर्वांत मोठा एक टक्का कोणता, ते पाहतात. अख्ख्या बेळगाव जिल्ह्यासाठी एकच इशारा काढून भागत नाही, ते याचमुळे.

(दृश्य: पुणे, पाषाण रस्ता. भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं आवार.)

1962 मध्ये स्थापन झालेली ही संस्था. मान्सूनवरचं कितीतरी मूलभूत काम इथे झालं. हवामानशास्त्रज्ञ बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवलं की मध्य भारतात 1951 ते 2000 या काळात अतिवृष्टीचे प्रसंग वाढले आणि मध्यम पावसाचे कमी झाले. रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने 2017 मध्ये 1950 ते 2015 चा काळ तपासला. मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग मध्य भारतात तिपटीने वाढल्याचं त्यांना आढळलं. मात्र मध्य भारताचा निष्कर्ष उचलून खानापूरला लावता येत नाही. घाटमाथ्याचा पाऊस वेगळ्या कारणांनी पडतो. इथला अभ्यास इथल्या आकड्यांवरच व्हायला हवा, आणि तो करणारी माणसं अजून फार थोडी आहेत.

मान्सूनच्या अभ्यासक सुलोचना गाडगीळ यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. 1944 मध्ये पुण्यात जन्म, फर्ग्युसन कॉलेज, मग हार्वर्डमध्ये उपयोजित गणितात पीएचडी. परदेशात राहणं सहज शक्य असताना त्या परतल्या आणि 1973 पासून बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. डी. आर. सिक्का यांच्यासोबत 1980 मध्ये त्यांनी उपग्रहांच्या चित्रांवरून दाखवलं की पावसाळ्यात विषुववृत्ताजवळच्या समुद्रावरून ढगांचा पट्टा पुन्हा पुन्हा उत्तरेकडे सरकत येतो. पावसाची उघडीप आणि पुन्हा जोर, यामागचं चक्र त्यातून समजायला लागलं. मला त्यांचं त्याहून मोठं वाटणारं काम तुमकूर जिल्ह्यातल्या पावगडचं. कोरडवाहू भुईमूग कधी पेरावा, यासाठी त्यांनी पावसाच्या जुन्या नोंदी आणि शेतकऱ्यांचा अनुभव एकत्र मांडला. शेतकऱ्याचं म्हणणं गणिताइतकंच गंभीरपणे ऐकणारी ही पुण्याची बाई कर्नाटकात रमली. आपल्या सीमाभागासाठी याहून जवळचा आदर्श कोणता?

मृगाची पेरणी, तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, वळीव हे सगळं बेळगावलगतच्या येळ्ळूर-वडगावच्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. शेजारच्या गावात कन्नडमधून हेच बोलणं चालतं. दोन्ही भाषा समजणारा संशोधक या खोऱ्यात जे ऐकू शकेल, ते दिल्लीहून आलेल्याला दुभाष्याशिवाय कळणार नाही. आपल्या पोरांकडे हे आयतं आहे.

(दृश्य: ग्रामपंचायतीच्या आवारातला स्वयंचलित पर्जन्यमापक.)

कर्नाटकने 1988 मध्ये दुष्काळावर लक्ष ठेवणारा कक्ष उभारला. तोच पुढे राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्र झाला. आज ग्रामपंचायतींमध्ये त्यांचे स्वयंचलित मापक आहेत, दर पंधरा मिनिटांची नोंद देणारे. महाराष्ट्रात महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळांत आहेत. हिरण्यकेशी आंबोलीत उगम पावते, वेदगंगा-दूधगंगा कोल्हापुरातून येतात, कृष्णेत कोयना, वारणा आणि पंचगंगेचं पाणी असतं. नदी एक, नोंदी दोन सरकारांच्या, दोन पद्धतींच्या. त्या जुळवणं हाच एका पीएचडीचा विषय होऊ शकतो. दुसरा विषय बेळगाव शहरातच आहे. बळ्ळारी नाल्याचं पाणी शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या बासमतीच्या शिवारात शिरतं, ते नेमक्या किती वेळात किती पाऊस झाल्यावर?

संगणकावरचं काम वेगळंच. 2025 मध्ये पुण्याच्याच संस्थेत घडलेली भारत फोरकास्ट सिस्टीम ही हवामान अंदाजाची प्रणाली सुरू झाली. ती 6 किलोमीटरच्या चौकटीत अंदाज काढते, आधी 12 किलोमीटरची चौकट होती. घाटासारख्या चढउताराच्या भागात हा फरक मोठा. अलीकडे आणखी एक शाखा वाढली आहे: एखादी अतिवृष्टी झाली की त्यात तापमानवाढीचा वाटा किती, हे काढण्याची. 2024 मध्ये वायनाडला दरड कोसळली, त्या पावसाची तीव्रता हवामानबदलामुळे सुमारे 10 टक्क्यांनी वाढली होती, असं शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने मांडलं. आजचं जग आणि तापमानवाढ न झालेलं जग, दोन्ही संगणकावरच्या प्रतिकृतींत चालवून ही तुलना होते.

आता पोटापाण्याचं. बारावीनंतर घरात इंजिनीअरिंग आणि मेडिकल एवढीच नावं निघतात. भौतिकशास्त्र किंवा गणित घेऊन बेळगावातच बीएस्सी केलेल्याला ही वाट खुली आहे, हे त्याला बहुधा कुणी सांगत नाही. पुढे आयआयटी जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी करता येते. पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राचा विभाग आहे, कोचीन आणि आंध्र विद्यापीठांतही हा विषय शिकवतात. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती (जेआरएफ) मिळवून पीएचडीला लागलं की 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं. हवामान खात्यात वैज्ञानिक सहायकांची भरती कर्मचारी निवड आयोगामार्फत झाली आहे. शेतीची आवड असेल तर धारवाडच्या कृषी विद्यापीठात कृषी हवामानशास्त्र आहे.

वाट सोपी नाही. पीएचडीला पाच-सहा वर्षं, नंतर बऱ्याचदा परदेशात काही वर्षं, आणि परतल्यावरही अनेकांना प्रकल्प शास्त्रज्ञ म्हणून कंत्राटावर राहावं लागतं. जिल्हा पातळीवरची कृषी हवामान केंद्रं 2024 मध्ये बंद झाली. शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सल्ला लिहून देणारी शिकलेली तरुण मंडळी त्यामुळे बेकार झाली. पूर आणि दुष्काळ वाढत असताना नेमकी हीच माणसं कमी करणं मला अक्षम्य वाटतं.

(दृश्य: बेळगाव. राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेच्या प्रादेशिक केंद्राची पाटी.)

रूरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेचं कठीण खडकाच्या प्रदेशाचा अभ्यास करणारं केंद्र बेळगावातच आहे, हे कित्येक बेळगावकरांना ठाऊक नसतं. पाऊस जमिनीवर पडल्यावर त्याचं पुढे काय होतं, खडकात किती मुरतं, नदीला किती जातं, हा त्यांचा विषय. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असाल, तर मित्रमैत्रिणींना घेऊन तिथे एकदा जा आणि काय काम चालतं ते विचारा. जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतात, परीक्षा फेब्रुवारीत असते. गणिताला आत्तापासून लागा, आणि पायथॉन ही संगणकाची भाषा शिकायला घ्या. सरावासाठी आपल्याच तालुक्याच्या पावसाचे आकडे वापरा.