हनुमान नावाची रेसिंग कार आणि सयामचा राजपुत्र

स्क्रीनवर जी गाडी दिसतीये ना, निळी, पिवळ्या चाकांची, लांब नाकाची, एका माणसापुरती जागा असलेली, तिचं नाव आहे हनुमान. खरंच हनुमान. गाडी इंग्लंडमध्ये बनलेली, १९३० च्या दशकातली, आणि हे नाव ठेवलं सयामच्या दोन राजपुत्रांनी. सयाम म्हणजे आजचं थायलंड. त्यांच्याकडे रामायण रामकियन नावाने सांगतात आणि त्यातला हनुमान पांढराशुभ्र असतो. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी तो फोटो कितीतरी वेळ बघत बसलो होतो, कारण गोऱ्या लोकांच्या त्या सगळ्या रेसिंगच्या जगात, जिथे आपल्या बाजूचं कुणी असेल असं वाटतच नाही, तिथे हनुमान धावत होता आणि आत बसलेला माणूस पण आपल्याच आशियातला होता.

त्याला जग प्रिन्स बीरा म्हणून ओळखतं. पूर्ण नाव थाई लोक पीरापोंग पानुदेत असं काहीसं म्हणतात, पण ते संस्कृतात उलगडलं की एकदम ओळखीचं वाटतं: वीरवंश भानुतेज. जन्म १५ जुलै १९१४, बँकॉक. आजोबा राजा मोंगकुट, म्हणजे चौथा राम, कारण तिथले राजे स्वतःला रामच म्हणवतात. घरात तोटा कशाचाच नाही. १९२७ मध्ये त्याला इंग्लंडला ईटन शाळेत पाठवलं, वय १३, आणि पुढच्याच वर्षी वडील गेले. म्हणजे बघा, चौदाव्या वर्षी परक्या देशात, परक्या भाषेत, आणि घरी परत जायचं तर बोटीने कित्येक आठवडे.

इथे गोष्टीत दुसरा माणूस येतो, आणि माझ्या मते त्याच्याशिवाय ही गोष्टच नाही. प्रिन्स चुला. बीरापेक्षा सहा वर्षांनी मोठा, आई युक्रेनकडची, शिक्षण हॅरो आणि केंब्रिजला. इंग्रजीत सगळीकडे दोघांना कझिन लिहिलेलं असतं आणि विषय संपतो, पण आपल्याला नातं नीट लागतं, तर नीट सांगतो. चुलाचे आजोबा आणि बीराचे वडील सख्खे भाऊ. म्हणजे बीरा हा चुलाचा चुलत काका लागतो. काका लहान, पुतण्या मोठा, आणि पुतण्याच काकाचा पालक. इंग्लंडमध्ये बीराचा सांभाळ, खर्च, शिक्षण सगळं चुलाने बघितलं.

बीराला खरं तर शिल्पकार व्हायचं होतं, चार्ल्स व्हीलर या मोठ्या शिल्पकाराकडे तो शिकला, नंतर त्याची कामं रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात लागली. हे छंद म्हणून नव्हतं बरं का. पॅट फेअरफील्ड नावाचा त्याचा एक प्रतिस्पर्धी ड्रायव्हर १९३७ मध्ये फ्रान्समधल्या ले मॉंच्या २४ तासांच्या रेसमध्ये अपघात होऊन वारला, त्याचं डोनिंग्टन ट्रॅकवरचं स्मारक बीराने स्वतः घडवलं. ज्या माणसाशी परवापर्यंत चाकाला चाक लावून भांडत होता त्याचं स्मारक त्याच हातांनी घडवायचं, हे कसं जमलं असेल याचा विचार मी बऱ्याचदा करतो.

पण हातांना स्टिअरिंगचीही ओढ होती. १९३५ मध्ये ब्रुकलँड्सला पहिली रेस. ब्रुकलँड्स म्हणजे लंडनजवळचा काँक्रीटचा जुना ट्रॅक, वळणं अशी तिरपी उचललेली की गाडी भिंतीवर चढतीये असं वाटावं. गाडी होती छोटी रायली, आणि यादीत नाव लिहिलं फक्त बी. बीरा. प्रिन्स वगैरे काही नाही. त्याच वर्षी एकविसाव्या वाढदिवसाला चुलाने त्याला भेट दिली ती ईआरए. आता ईआरए काय होती ते थोडं सांगायला पाहिजे. ईआरए म्हणजे इंग्लिश रेसिंग ऑटोमोबाइल्स, लिंकनशायरमधल्या बोर्न गावातली कंपनी, इंजिन दीड लिटरचं, सहा सिलिंडर, वर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप, आणि गिअरबॉक्स असा की गिअर आधी निवडून ठेवायचा आणि मग पेडल दाबलं की तो पडायचा, त्यामुळे ऐन वळणावर हात स्टिअरिंगवरच. ब्रिटनकडे तेव्हा छोट्या क्लासमधलं सगळ्यात चांगलं असं जे होतं ते हेच. एकविसाव्या वाढदिवसाला हे मिळणं म्हणजे, काय बोलणार.

या गाडीचं नाव रोम्युलस. नंतर दुसरी घेतली ती रीमस, रोमच्या कथेतले जुळे भाऊ म्हणून. आणि तिसरी हनुमान.

टीमचं नाव व्हाइट माऊस, पांढरा उंदीर, कारण चुलाचं घरचं लाडाचं नाव होतं नू आणि थाईमध्ये नू म्हणजे उंदीर. गाडीच्या अंगावर छोटासा पांढरा उंदीर रंगवलेला असायचा. गॅरेज लंडनमध्ये हॅमरस्मिथला, डॅलिंग रोडवर. हा पत्ता लक्षात ठेवा.

आता लोक म्हणतात, राजाचा पोरगा, पैसा होता म्हणून रेस केली. पैसा होताच, कोण नाही म्हणतंय. पण त्या काळी ब्रुकलँड्सला पैसेवाले शेकड्याने होते, लॉर्ड होते, बँकवाल्यांची मुलं होती, त्यातले किती जिंकले? चुलाने टीम जशी चालवली तशी तेव्हा फार कमी लोक चालवत होते. स्टॉपवॉच घेऊन तो पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला टीम थांबते तिथे, उभा, कोण किती पुढे कोण किती मागे, बीराला कधी जोर लावायचा आणि कधी गाडी जपायची त्याचे सिग्नल, पुढच्या रेससाठी सगळी नोंद. मेकॅनिक पण असा तसा नाही. रेमंड इंग्लंड, सगळे त्याला लॉफ्टी म्हणायचे, हा त्यांच्या गॅरेजमध्ये होता, आणि हाच लॉफ्टी पुढे जग्वारच्या रेसिंग टीमचा मॅनेजर झाला, ज्या टीमने १९५१, १९५३ आणि १९५५ ला ले मॉं जिंकली.

आणि निकाल आला. १९३६ मध्ये मोनॅकोला प्रिन्स रेनिए कप, ईआरएमध्ये बीरा पहिला. त्याच वर्षी ब्रुकलँड्सची इंटरनॅशनल ट्रॉफी पण त्याचीच. ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर्स क्लब दरवर्षी जे गोल्ड स्टार देतो ते बीराला १९३६, १९३७ आणि १९३८ असं ओळीने तीनदा मिळालं. ब्रिटिशांचा क्लब, ब्रिटिशांचा ट्रॅक, अर्धं आशिया गोऱ्यांच्या ताब्यात असतानाचा काळ, आणि सयाम हा कधीच गुलाम न झालेला देश, त्याचा निळा पिवळा रंग सलग तीन वर्षं सगळ्यात पुढे. मला हे सांगताना अजूनही छाती भरून येते.

चुका पण झाल्या. सगळ्यात महाग पडली ती डेलाजची. डिक सीमन नावाच्या ड्रायव्हरने १९३६ मध्ये एका जुन्या फ्रेंच डेलाज गाडीत, जिचं मूळ डिझाइन १९२० च्या दशकातलं, नव्या ईआरएंना हरवलं होतं, तर चुलाने ती गाडीच विकत घेतली, सोबत सुट्या भागांचा ढीग, नवीन चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, बनवायची, अजून फास्ट करायची, असा सगळा बेत. पैसा ओतला ओतला आणि हातात काही आलं नाही. सीमनची जादू गाडीबरोबर विकत मिळाली नाही. पैशाने सगळं होतं म्हणणाऱ्यांनी ही डेलाज बघावी.

डिसेंबर १९३७ मध्ये रोम्युलस बँकॉकला नेऊन रस्त्यावर चालवून दाखवली, लोकांनी आपल्या राजपुत्राला पहिल्यांदा त्या गाडीत बघितलं. मग ठरलं की १९३९ च्या डिसेंबरात बँकॉकलाच ग्रां प्री, म्हणजे मोठी आंतरराष्ट्रीय रेस, भरवायची. राजवाड्याजवळच्या रस्त्यांवर! सप्टेंबरात युद्ध सुरू झालं आणि ते राहूनच गेलं. आशियात इतक्या आधी अशी रेस झाली असती.

युद्धाच्या काळात बीरा कॉर्नवॉलला होता, तिथे तरुण पोरांना ग्लायडर उडवायला शिकवायचा. युद्ध संपल्यावर परत ट्रॅकवर आला, १९४८ मध्ये झँडफोर्टच्या ट्रॅकची पहिलीच रेस जिंकला, पण याच सुमाराला चुला आणि त्याचे रस्ते वेगळे झाले आणि व्हाइट माऊस बंद पडली. भांडण कुणाचं चूक कुणाचं यात मी जात नाही. फक्त एवढं दिसतं की यानंतर पिटमध्ये स्टॉपवॉच घेऊन उभा राहणारा आपला माणूस नव्हता.

१३ मे १९५०, सिल्व्हरस्टोन. फॉर्म्युला वन वर्ल्ड चॅम्पियनशिपची इतिहासातली पहिली रेस, राजा सहावा जॉर्ज बघायला आलेला, आणि ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, पाचव्या नंबरला मासेराटीत बीरा. म्हणजे पहिल्या दिवसापासून आशियाचा माणूस तिथे आहे. ती रेस त्याला पूर्ण करता आली नाही, पण मोनॅकोला पाचवा, स्वित्झर्लंडला चौथा आला. मग काही वर्षं पडती. आणि मग १९५४, फ्रान्समधलं रॅंस. ही रेस सगळ्यांना आठवते ती मर्सिडीजच्या पुनरागमनासाठी, फांजिओ आणि क्लिंग एक-दोन नंबर घेऊन गेले. मागे बीरा, स्वतःच्या पैशाने घेतलेली मासेराटी, कंपनीची टीम नाही काही नाही, आणि तरी तिसऱ्या नंबरवर. शेवटचा लॅप, म्हणजे ट्रॅकची शेवटची फेरी. आणि पेट्रोल संपत आलं. रॉबेर मांझों फेरारी घेऊन पुढे निघून गेला, बीरा चौथा. पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांत येणं, हुकलं ते एका लॅपने. सगळी मिळून १९ चॅम्पियनशिप रेस, ८ पॉइंट, आणि पोडियम एकही नाही. रॅंसचा तो लॅप आठवला की मला दरवेळी पिटमधला चुला आठवतो, पेट्रोलचा हिशोब लिहून ठेवणारा.

जानेवारी १९५५ ला न्यूझीलंडची ग्रां प्री त्याच मासेराटीत जिंकला, आणि त्याच वर्षी रेसिंग सोडलं. ४० वर्षांचा होता. त्याआधी १९५२ मध्ये स्वतःचं छोटं दोन इंजिनाचं विमान लंडनहून बँकॉकला स्वतः उडवत नेलं होतं, आणि रेसिंग सुटल्यावर शिडाची बोट धरली. १९५६ मेलबर्न, १९६० रोम, १९६४ टोकियो, १९७२ म्युनिक, चार ऑलिम्पिक थायलंडकडून. रोमच्या वेळी समोरच्या बोटींमध्ये अर्जेंटिनाचा रोबेर्तो मिएरेस पण होता, तोही जुना फॉर्म्युला वन ड्रायव्हर. समुद्रात भेटले दोघं.

बीरानंतर फॉर्म्युला वनमध्ये थायलंडच्या झेंड्याखाली दुसरा ड्रायव्हर यायला २०१९ उजाडलं. ॲलेक्स आल्बन, पहिली रेस मेलबर्नला, जिथल्या खाडीत बीराने १९५६ मध्ये बोट चालवली होती. आज पटायाजवळ बीरा सर्किट आहे, आणि ईआरए गाड्या तर अजून जुन्या गाड्यांच्या रेसमध्ये धावतात, त्यांचा आवाज एकदा ऐकाच, सुपरचार्जरची ती किंकाळी.

चुला १९६३ ला गेला. बीरा २३ डिसेंबर १९८५ ला, लंडनमध्ये, बॅरन्स कोर्ट या ट्यूब स्टेशनवर. हार्ट अटॅक आला आणि तिथेच पडला. वय ७१. खिशात ओळख पटेल असं काही नाही, फक्त एक चिठ्ठी, आणि तीही अशा लिपीत की पोलिसांना कळेना. शेवटी लंडन विद्यापीठात पाठवली, तिथे कळलं की ती थाईमध्ये, प्रिन्स बीराच्या नावाने लिहिलेली आहे, आणि मग थाई दूतावासाला कळवलं. अंत्यसंस्कार विम्बल्डनच्या थाई बुद्ध मंदिरात झाले.

बॅरन्स कोर्टच्या पुढचं स्टेशन हॅमरस्मिथ. तिथून डॅलिंग रोड चालत जाण्यासारखा आहे.