घरटं बांधणारा बाप मासा

नमस्कार श्रोतेहो. नॉर्वेचा सामन मासा आता मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतही मिळतो. समुद्रातल्या ज्या जाळीच्या पिंजऱ्यांत तो वाढवतात, तिथे बऱ्याचदा आणखी एक छोटा मासा सोडलेला असतो. त्याचं नाव कॉर्कविंग रास; रास हे माशांचं एक कुळ, कॉर्कविंग ही त्यातली एक जात. आज त्याच्याविषयी.

हा जेमतेम वीतभर मासा युरोपच्या किनाऱ्यालगत, खडकांत आणि शेवाळात राहतो. शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका, ही त्याची खूण. मादी तपकिरी. विणीच्या हंगामात नर मात्र निळ्या-हिरव्या रेघांनी असा उजळतो की बघत राहावं!

आणि हा नर घरटं बांधतो. शेवाळाचे तुकडे तोंडात धरून आणायचे, खडकाच्या कपारीत कोंबायचे, पुन्हा नवे आणायचे. मादी अंडी घालून निघून जाते. पुढे पर हलवून अंड्यांवर ताजं पाणी खेळवणं, अंडी खायला येणाऱ्यांना हुसकावणं, सगळं बापाकडे. काही नर घरटं बांधतच नाहीत. ते दिसतात मादीसारखे, त्या रूपात घरट्यात शिरतात आणि घरधन्याच्या नकळत काही अंडी फळवून जातात.

सामनच्या अंगाला समुद्री उवा लागतात. त्या त्याच्या कातडीवर आणि रक्तावर जगतात. औषधांना त्या दाद देईनात, तेव्हा हा रास आणखी मोलाचा ठरला, कारण तो त्या वेचून खातो. औषधाविना काम होतं, हे चांगलंच. पण हे मासे येतात समुद्रातून पकडून. नॉर्वेनं २०१८ पासून वर्षाला १ कोटी ८० लाखांची मर्यादा घातली, रासच्या सगळ्या जाती मिळून. पिंजऱ्यांत त्यांतले कितीतरी मरतात आणि पुढच्या हंगामात पुन्हा नवे आणावे लागतात.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. १२ सेंटिमीटरपेक्षा लहान कॉर्कविंग नॉर्वेत धरायचा नाही, असा नियम आहे. वरवर शहाणपणाचा. पण घरटं बांधणारे नर इतरांपेक्षा झपाट्यानं वाढतात. म्हणजे मापात आधी बसतात तेच, आणि आधी पकडले जातात तेही तेच. विणीच्या काळात मासेमारी बंद असते खरी, पण आधीच्या हंगामात उचललेला बाप घरटं बांधायला येणार कुठून?

स्कॉटलंडनं किमान मापाबरोबर कमाल मापही ठरवलंय. मोठा मासा सापडला तर त्याला परत पाण्यात सोडावं लागतं. नॉर्वेनंही हेच करायला हवं.